घोड्यांचं गोत्र

स्कॉटलंडहून आलेला माणूस किल्ले, सरोवरं आणि व्हिस्की यांवर बोलतो. मला किल्ल्यांचा कंटाळा आहे, सरोवरांवर पाऊस पडत होता आणि व्हिस्कीच्या नुसत्या वासाने माझं डोकं उठतं. एडिंबरोचे दिवस छत्री उघडण्यात आणि मिटण्यात गेले. तिथून नैऋत्येला, डंफ्रीसला, भाच्याकडे आले तेव्हा मी चांगलीच वैतागले होते.

भाचा म्हणाला, "मावशी, उद्या तुला जवळजवळ टनभर वजनाचा घोडा दाखवतो. शेजारणीच्या वडिलांकडे आहे."

मला घोड्यांचं फारसं नाही. पण माझे वडील आटपाडीच्या बाजारात खिलार बैल पारखायला जायचे आणि मी बरोबर असायची. तेव्हापासून जनावरांपेक्षा जनावरं पारखणारी माणसं मला जास्त आवडतात. म्हणून गेले.

शेत कासल डग्लसजवळ होतं. आजोबा ऐंशीच्या पुढचे, उंच, गुडघ्यांतून जरा वाकलेले. भाच्याशी ते आधी पावसाबद्दल, मग मेंढ्यांच्या भावाबद्दल बोलले. माझ्याकडे वळून एवढंच विचारलं, "तुमच्याकडे नांगराला काय जुंपतात?" मी म्हटलं, "बैल. आता बहुतेक ट्रॅक्टर." त्यांनी मान हलवली आणि नातवाला घोडा बाहेर काढायला सांगितला.

घोडा बाहेर आला आणि अंगण एकदम लहान झालं. रंगाने कुमैत, कपाळापासून नाकपुड्यांपर्यंत पांढरा पट्टा आणि चारही पाय पांढरे. अस्सल पंचकल्याणी. खांद्यापाशी पावणेसहा फुटांच्या आसपास. गुडघ्यांखाली रेशमासारखे लांब केस, ते थेट खुरांवर उतरलेले. या केसांना ते 'फेदर' म्हणतात. ते ओले राहिले की खालची गुलाबी कातडी चिघळते, खाज सुटते. म्हणून प्रदर्शनाआधी ते धुऊन त्यांत लाकडाचा भुसा चोळून वाळवतात. एवढी मोठी नाल असलेला खूर मी याआधी पाहिला नव्हता. आजोबांनी तो उचलून दाखवला. त्यांच्याकडची पारख इथूनच, खुरापासून, सुरू होते. खूर वाईट असेल तर वरचं कोणी पाहतही नाही.

मग नातवाने घोडा आमच्यापासून लांब चालवत नेला. "काय दिसतं?" आजोबांनी विचारलं.

"मागचे पाय ढोपरापाशी फार जवळ आहेत," मी म्हटलं. "आमच्या बाजारात अशा बैलाचे पैसे कमी केले असते."

म्हातारा मनापासून हसला. क्लाइड्सडेल जातीच्या या घोड्यांत नेमकं तेच हवं असतं. मागची ढोपरं एकमेकांना लागून हवीत आणि प्रत्येक पाऊल इतकं स्वच्छ उचललं जावं की मागे उभ्या असलेल्या माणसाला नालेचा अख्खा तळ दिसावा. त्यांनी मला तो दाखवलाही. चाल देखणी होती, हे कबूल. ढोपरांबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही.

पाऊस वाढला म्हणून स्वयंपाकघरात गेलो आणि संध्याकाळपर्यंत तिथून उठलोच नाही. शेजारीणबाईंनी मटणाच्या हाडांचं, जव आणि गाजर घातलेलं सूप वाढलं. त्यात मीठ नव्हतं, तिखट तर नव्हतंच. ओटच्या पिठाच्या कडक टिकल्या आणि चीज मात्र मी मागून घेतलं. माझं लक्ष आजोबांनी टेबलावर आणून ठेवलेल्या जाड जुन्या पुस्तकांकडे होतं. ती क्लाइड्सडेलची वंशावळ. या जातीची संस्था १८७७ साली निघाली आणि पुढच्याच वर्षी वंशावळीचा पहिला खंड आला. प्रत्येक घोड्याला नाव आणि क्रमांक. आजोबा पान न उघडता सांगत होते: "डार्नली, २२२. प्रिन्स ऑफ वेल्स, ६७३. बॅरन ऑफ बुक्लायव्ही, ११२६३."

मला आईची स्थळांची वही आठवली. त्याच रेघा, तेच बापाचं नाव, गाव, रंग, उंची. आईच्या वहीत मुलीच्या आईला निदान 'मामेकुळी' या रकान्यात जागा होती. इथे घोडीचं नाव आलं की लगेच 'अमुक घोड्याची मुलगी' आणि तिच्या आईपुढे पुन्हा तिचा बाप. माझी नाराजी मी बोलून दाखवली.

"पैसे बापाचे द्यावे लागायचे ना," आजोबा शांतपणे म्हणाले. "घोडी आमचीच. दिवसभर नांगर ओढायची. घोडा भाड्याने आणावा लागे."

हे भाड्याचं प्रकरण मला फार आवडलं. चांगला घोडा विकत घेणं एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यात नव्हतं, म्हणून तालुक्याचे शेतकरी एकत्र येऊन एका हंगामासाठी घोडा ठरवत. अशा करारांच्या लेखी नोंदी १८३७पासूनच्या आहेत. पुढे ग्लासगोला नर घोड्यांचं प्रदर्शन भरू लागलं. गावोगावच्या समित्या तिथे जाऊन घोडा पसंत करत. मालकाला ठरावीक रक्कम, त्याशिवाय दर घोडीमागे पैसे, शिंगरू झालं की आणखी. वसंतात मोतद्दार घोड्याला घेऊन पायी निघे. ठरलेला रस्ता, ठरलेले मुक्काम, आठवड्याने पुन्हा पहिल्या शेतावर. या पद्धतीने एकाच घोड्याचं रक्त अख्ख्या जिल्ह्यात पसरलं आणि क्लाइड नदीच्या खोऱ्यातली, लॅनार्कशायरची ही जात पुऱ्या स्कॉटलंडची झाली.

अशा घोड्याची किंमत कुठवर जाई? बॅरन ऑफ बुक्लायव्हीच्या मालकीवरून एअरशायरमधले दोन शेतकरी, जेम्स किलपॅट्रिक आणि विल्यम डनलॉप, लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत भांडले. शेवटी १९११च्या डिसेंबरात एअर गावात घोड्याचा जाहीर लिलाव झाला. डनलॉपने तो ९५०० पौंडांना सोडवला, आणि १९१४ साली एका घोडीच्या लाथेने घोड्याचा पाय मोडून तो गेला. सांगाडा ग्लासगोच्या केल्विंग्रोव्ह संग्रहालयाकडे गेला. पुस्तकात जिला धड रकानाही नाही, त्या घोडीने एवढ्या महागाच्या घोड्याचा निकाल लावला हे ऐकून मला अयोग्य आनंद झाला. बॅरनचा बाप बॅरन्स प्राइड हा याच कासल डग्लसजवळच्या नेदरहॉलचा. आजोबा त्याच्याबद्दल घरातल्या माणसासारखं बोलत होते.

"म्हणजे रक्त अगदी शुद्ध," भाचा म्हणाला. तो डॉक्टर आहे. त्याने असं बोलायला नको होतं.

आजोबांनी चष्मा काढला. शुद्ध कसलं? अठराव्या शतकात हॅमिल्टनच्या ड्यूकने फ्लँडर्सकडचे घोडे आणून इथल्या घोड्यांवर चढवले, तिथून ही जात सुरू होते. पुढे त्याच घराण्याच्या पदरी असलेल्या लॉरेन्स ड्रूने इंग्लंडमधून शायर जातीच्या घोड्या आणून संकर केला. त्याचं म्हणणं, शायर आणि क्लाइड्सडेल मुळात एकच. संस्थेला ते पटेना, तेव्हा ड्रू आणि डेव्हिड रिडेल यांनी १८८३ साली वेगळीच संस्था काढली. प्रिन्स ऑफ वेल्स हा ड्रूचा, डार्नली रिडेलचा. एकाचे मुलगे आणि दुसऱ्याच्या मुली असा जोड इतका जमला की सगळे तोच जमवू लागले.

"आणि आता?"

"आता सगळेच एकमेकांचे चुलत," ते म्हणाले. पहिल्या महायुद्धात लष्कराने घोडे नेले, मग ट्रॅक्टर आले, आणि १९७५ साली ही जात धोक्यात असलेल्या जातींच्या यादीत गेली. उरलेल्या कुठल्याही घोड्याची वंशावळ मागे नेली तरी त्याच दोघांपाशी पोचते. आजोबांना आपल्या घोडीसाठी नातं जरा लांबचं असलेला घोडा हवा होता आणि तो सापडत नव्हता. एके काळी इथून बोटी भरभरून घोडे कॅनडा-ऑस्ट्रेलियाला गेले. आता त्यांच्या वंशजांचं गोठवलेलं रेत कॅनडातून मागवावं का, असा त्यांचा विचार चालला होता. सगोत्र विवाहाची धास्ती मी अनेक घरांत पाहिली आहे. तिला इतकं खरं कारण मात्र पहिल्यांदाच ऐकलं.

चहा आला. तो उत्तम होता. त्या देशात बेभरवशाची नसलेली हीच एक गोष्ट. आजोबांनी सांगितलं की त्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धाच्या आधी असेच मोतद्दार होते. एप्रिल ते जुलै घराबाहेर. डोक्याला टोपी, घोड्याच्या आयाळीत रंगीत फिती. ज्या शेतावर मुक्काम त्या शेतावर जेवण, आणि रात्री गवताच्या माळ्यावर झोप.

"माळ्यावरच?" शेजारीणबाईंनी विचारलं.

म्हातारा मिस्कील हसला. "घोड्याची पोरं वहीत लिहायची पद्धत होती. मोतद्दाराची लिहायची नव्हती."

"बाबा, पाहुण्या आहेत!"

"पाहुण्यांनीच वंशावळीचा विषय काढला." मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, की गेल्या वर्षी नातवाने हौसेने लाळ पाठवून डीएनए तपासून घेतला. पलीकडच्या दोन गावांत रक्ताची माणसं निघाली. वडिलांच्या जुन्या रस्त्यावरचीच गावं.

"मग त्यांना क्रमांक दिलेत का?" मी विचारलं.

"क्रमांक कसला देता! एकीला ख्रिसमसला जेवायला बोलावलं," ते म्हणाले. "तिलाही ढोपरांबद्दल तुमच्यासारखंच वाटतं. म्हणून पुन्हा बोलावलेलं नाही."