येणारे आणि इथले

आमच्याकडे एक वाक्य फार ऐकू येतं. वाण्याच्या दुकानात, हळदीकुंकवाला, कर्जत गाडीच्या बायकांच्या डब्यात, कुठेही. "बाहेरून आलेले बघा कसे वर येतात, आणि इथले मात्र होते तिथेच!" म्हणणारी बाई बहुतेक वेळा स्वतःच बाहेरून आलेली असते, म्हणजे माझ्यासारखी. कौतुक असतं ते किराणावाल्या शेठचं, आणि नाक मुरडलेलं असतं ते ठाकर-कातकऱ्यांच्या नावानं. गेली कित्येक वर्षं मी हे ऐकते आहे. हल्ली मात्र माझ्याच्यानं गप्प बसवत नाही, म्हणून हा कागदपेनाचा उद्योग.

आधी आमचं गाव कुठलं ते सांगते. कर्जत गाडीत बसलात की नेरळ सुटल्यावर भिवपुरी रोड स्टेशन लागतं. पावसाळ्यात धबधब्यावर जाणारी तरुण मंडळी इथे उतरतात, तेवढीच त्याची प्रसिद्धी! खरं भिवपुरी गाव आणि 'कॅम्प' स्टेशनपासून बरेच आत, घाटाच्या पायथ्याशी. तिथे टाटांचं वीजघर आहे, १९२२ साली सुरू झालेलं. वर मावळात ठोकरवाडीचं धरण. ते पाणी डोंगरातून खाली आणून त्यावर वीज करायची आणि ती मुंबईला न्यायची. तेव्हा बाहेरून माणसं येण्याची इथली गोष्ट शंभर वर्षांची जुनी आहे. इंजिनिअर आले, फिटर आले, कारकून आले. त्यांच्या वसाहतीत दिवे लागले. पलीकडच्या वाड्यांवर दिवे लागायला त्यानंतर कितीतरी वर्षं गेली. तोवर तारा नुसत्या डोक्यावरून जात होत्या. वीज करून सोडलेलं पाणी राजनाल्यातून फिरतं आणि त्यावर उन्हाळी भात होतं, हेही सांगायला हवं. पण ते कुणाचं? ज्याची नाल्याखाली जमीन, त्याचं.

मग आम्ही आलो. १९८८ साली डोंबिवलीची भाड्याची खोली सोडून इथे स्टेशनजवळ दोन खोल्या घेतल्या. मुंबईच्या मानानं स्वस्त, हवा चांगली, आणि यांच्या ऑफिसातून घरासाठी कर्ज मिळालं. हे 'कर्ज मिळालं' लक्षात ठेवा हं, पुढे त्याचं काम आहे. आमच्या मागून बंगलेवाले आले, शनिवार-रविवारचे. त्यांच्या बागेला माळी आणि फाटकाला राखणदार लागतो, आणि तो राखणदार कधी कधी त्याच जमिनीचा जुना मालक असतो. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीनं सहजासहजी घेऊ नये असा कायदा आहे, चांगला आहे. पण जिच्या खोपटाखालची जागासुद्धा दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर आहे, त्या कातकरणीला त्याचा उपयोग काय?

आता त्या शेठचं पाहा. दुकान नीटनेटकं, बोलणं गोड, पहाटे सहाला फळ्या उघडतात आणि रात्री दहाला बंद होतात. माणूस कष्टाळू आहे, यात वाद नाही. एकदा गव्हाचं दळण निवडून घेता घेता मी त्याला विचारलं, "शेठ, तुम्ही आलात तेव्हा खिशात किती होते?" तो हसला. म्हणाला, "भाभी, खिशात काहीच नव्हतं. पण मामा होता." राजस्थानातल्या गावाहून बाराव्या वर्षी तो कल्याणला मामाच्या दुकानात आला. राहणं-खाणं मामाकडे, पगार हातात नाही, मामाच्या वहीत जमा. दहा वर्षांनी त्या जमेवर आणि मामाच्या शब्दावर घाऊक व्यापाऱ्यानं पहिला माल उधार दिला. हे दुकान उभं राहिलं ते असं. पुढे त्यानं आपल्या चुलतभावाला नेरळला बसवला, तोही असाच.

आमच्या दारी भाजी घेऊन येणाऱ्या ठाकर बाईला असा मामा कुठून आणायचा? तिचे सगळे मामा डोंगरावरच्या वरकस तुकड्यात नाचणी-वरी करतात. तिच्या शब्दावर कोण उधार देणार?

तुम्ही म्हणाल, ही काय फक्त भिवपुरीची गोष्ट. नाही हो! माझी भाची न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात राहते. तिनं फोनवर सांगितलं की तिथेही अगदी हेच वाक्य आहे. वेस्ट इंडीजमधून, म्हणजे आपण क्रिकेटमुळे ओळखतो त्या जमैका, बार्बाडोस, त्रिनिदादमधून आलेले काळे लोक तिथे पुष्कळ. तेही गुलामांचेच वंशज. पण त्यांच्याकडे बोट दाखवून तिथल्याच काळ्यांना ऐकवतात, "हेही काळेच ना? मग यांना जमतं ते तुम्हाला का जमत नाही?" दाखलेही तयार असतात. शर्ली चिशोम ही १९६८ साली अमेरिकेच्या काँग्रेसवर निवडून आलेली पहिली काळी स्त्री. तिचे वडील ब्रिटिश गयानातून आलेले, आणि शिवणकाम, घरकाम करून मुली वाढवणारी आई बार्बाडोसची. सेनापती आणि पुढे परराष्ट्रमंत्री झालेल्या कॉलिन पॉवेलचे आईबाप जमैकाचे.

इथवर ऐकलं की वाटतं, असेल बाई त्या बेटांच्या पाण्यातच काही. पण त्याच बेटांवरून दुसरी माणसं लंडनला गेली. १९४८ साली 'एम्पायर विंडरश' नावाची आगबोट गेली, आणि तिच्या मागून हजारो गेले. बसगाड्यांवर कंडक्टर झाले, इस्पितळांत नर्सा झाल्या. तीच बेटं, तेच चर्च, पोरांना शिकवायची तीच हौस. तिथे मात्र त्यांना भाड्यानं खोली मिळायची मारामार! बर्नार्ड कोअर्ड नावाच्या ग्रेनाडाच्या शिक्षकानं १९७१ साली पुस्तिकाच लिहिली, की या लोकांच्या चांगल्या मुलांना मंदबुद्धी ठरवून वेगळ्या शाळांत कसं ढकलतात. न्यूयॉर्कला ज्यांची उदाहरणं द्यायची, त्यांचेच भाऊबंद लंडनला मागासलेले ठरले. मग ती बेटांची हुशारी आगबोटीत सांडली का?

आणि एक गंमत. या लोकांत बायका मिळून दर आठवड्याला ठरलेली रक्कम काढतात आणि पाळीपाळीनं एकेकीला सगळी देतात. त्रिनिदादला त्याला 'सूसू' म्हणतात (नावाला हसू नका!) आणि जमैकात 'पार्टनर'. म्हणजे आपली भिशीच की! ब्रुकलिनमध्ये घर घेताना ती उपयोगी पडली, लंडनमध्ये बँका कर्ज देईनात तेव्हाही हीच पडली. सवय दोन्हीकडे सारखी. दार कुठे किती उघडलं, एवढाच फरक.

शिवाय येणारा म्हणजे कोण? गाव सोडून परमुलखात जातो तो धडधाकट, तरणा, थोडाफार शिकलेला किंवा निदान धीट. त्याचे म्हातारे आईबाप, अधू भाऊ, दारू पिणारा चुलता मागे गावातच राहतात. इथल्यांचे मात्र म्हातारे, आजारी, पिणारे सगळेच आपल्या डोळ्यांसमोर. आलेल्यांतले जे हरतात ते मुकाट्यानं परत जातात, ते आपल्याला दिसत नाहीत. शेठच्या आधी त्याच गाळ्यात एकाचं दुकान वर्षभरात बुडालं होतं. आज त्याचं नाव कुणाला आठवतं? आपण निवडक तांदूळ आणि सबंध पोतं शेजारी ठेवतो आणि म्हणतो, पोत्यात खडे फार!

आणखी एक सांगते, आणि हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. आमचे कातकरीसुद्धा 'बाहेर जाणारे'च आहेत. पूर्वी खैराचा काथ करायचे म्हणून कातकरी. जंगल सरकारचं झालं आणि तो धंदा गेला. दिवाळी झाली की वाड्या ओस पडतात. मडकी, गोधड्या, कोंबड्या आणि पोरं टेम्पोत घालून कल्याण, भिवंडी, पनवेलकडच्या वीटभट्ट्यांवर जातात ते पाऊस तोंडावर आला की परततात. नवराबायको जोडीनं, पहाटे अंधारात उठून चिखल तुडवायचा, विटा पाडायच्या, वाळवायच्या. लहान पोरं विटा उलथतात. याहून कष्ट ते कोणते? मुलूख सोडला, कष्ट केले, मग हे का वर येत नाहीत?

कारण हे जातात ते उचल घेऊन. पावसाळ्यात घरातलं धान्य संपतं, आजारपण येतं, लग्न येतं. तेव्हा मुकादम पैसे पुढे करतो. मग हंगामभर आठवड्याची खर्ची तेवढी हातात, आणि शेवटी हजार विटांच्या भावानं हिशेब. वही मालकाची, हिशेब मालकाचा. पुष्कळांच्या अंगावर बाकी उरते आणि पुढच्या दिवाळीचा टेम्पो आताच ठरतो. वेठबिगारीविरुद्ध १९७६ साली कायदा झाला, पण उचल कायद्याला विचारून येत नाही. शेठलाही उधारच मिळाली आणि कातकऱ्यालाही. एकाच्या उधारीवर दुकान उभं राहिलं, दुसऱ्याच्या उधारीवर दुसऱ्याची इमारत.

आमच्या यांना ऑफिसनं कर्ज दिलं, तीही उधारीच. फक्त तिला कुणी उधारी म्हणत नाही!

इथल्या एका माणसाला हे फार पूर्वी कळलं होतं. माथेरानला जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे आमच्या भागाचे हुतात्मा भाई कोतवाल. शिकून वकील झाले आणि शेतकऱ्यानं पावसाळ्यात सावकाराचं तोंड बघू नये म्हणून त्यांनी धान्यकोठारं काढली. अडचणीत भात न्यायचं, सुगीला परत घालायचं. पुढे १९४२ साली त्यांच्या दस्त्यानं मुंबईला वीज नेणाऱ्या तारांचे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडच्या रानात ते आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. मनोऱ्यांची गोष्ट शाळेत सांगतात. धान्यकोठारांची फारशी कुणी सांगत नाही, आणि मला तर तीच जास्त मोठी वाटते.

आता आमच्या फाटकावरचं ऐका. मागच्या वर्षी वसाहतीच्या सभेत ठरत होतं की फाटकाबाहेरची जागा एका उत्तर प्रदेशच्या भाजीवाल्याला द्यावी आणि टोपलीवाल्यांना मनाई करावी. भाजीवाल्याकडे बारा महिने सगळी भाजी, काट्यावर चोख वजन, मोबाइलवर पैसे. टोपलीवाल्या काय, पावसाळ्यात शेवळं, करटुली, भारंगी आणतील, उन्हाळ्यात करवंदं, आणि मध्येच चार महिने गायब! एक बाई म्हणाल्या, "त्यांनीही रोज बसावं, कोण नको म्हणतं? आळस नडतो, दुसरं काय!"

मी उठून विचारलं, शेवळं रोज कुठून आणायची? ती पहिल्या पावसाला चार दिवस उगवतात. डोंगर चढून ती काढायची, खाज सुटू नये म्हणून सोबत काकडं वेगळी शोधून आणायची, चार मैल चालत यायचं आणि दहाच्या आत विकून परतायचं. आपण घासाघीस करून एक जुडी फुकट मागायची. त्याच जुडीला मुंबईच्या बाजारात काय पडतं ते लेकीला विचारा. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते काही खोटं नाही. भाजीवाल्यालाही मी नावं ठेवत नाही. तोही लांबून आला आहे, बायकोमुलं गावी ठेवून एका खोलीत सहाजण राहतो. शेवटी बरीच वादावादी होऊन जागा त्यालाच मिळाली, आणि टोपलीवाल्यांना सकाळी दहापर्यंत बसायची परवानगी, समोरच्या अंगाला. तिथे सावली नाही.

त्या टोपलीवाल्यांतली एक कातकरीण गेल्या नवरात्रात माझ्याकडे आली. मुकादम वाडीवर येऊन गेला होता. म्हणाली, "ताई, पोरगी धाव्वीला हाय. भट्टीवर नेली तं तिची शाळा गेली. मी उचल नाय घेत. तुमीच पैसं द्या आधी, मी भाजी घालते." दान नको होतं तिला. आम्ही सहाजणींनी पाचशे-पाचशे काढले, तीन हजार झाले. दोन वह्या केल्या, एक माझ्याकडे आणि एक तिच्या मुलीकडे. रोजची भाजी दोन्हीकडे मांडायची. नवरा एकटा भट्टीवर गेला, आणि जोडीशिवाय गेल्यामुळे त्याला काम हलकं मिळालं. इकडे तिनं ओढ्याकाठी माठ-मुळा केला आणि भात निघाल्यावर एका शेतकऱ्याच्या रानात अर्धेलीनं वाल पेरला. मुलगी रोज शाळेत जाते. गणितात कच्ची आहे, पण वही चोख ठेवते. संक्रांतीला तीन हजार फिटले. आता वालाच्या शेंगा सुरू आहेत, आणि कालच मुलीनं दोन्ही वह्या ताडून सांगितलं की माझ्याकडेच त्यांचे चाळीस रुपये निघतात.