तात्यांची लेव्ही, माझा आयडी
आमचे तात्या वाशीच्या बाजारात माथाडी होते. मी कोपरखैरण्यातून स्कूटरवर लोकांची जेवणं पोचवतो. घरी माझ्या कामाचा विषय निघाला की तात्यांचा प्रश्न ठरलेला, "आरं, तुझी लेव्ही कोन भरतंय?"

माथाड्यांचं गणित असं. आज या गाळ्यावर गोणी उतरवायच्या, उद्या त्या गाळ्यावर. मजुरी कामावर. मालक असा कुणी एक नव्हताच, त्यामुळे फंड, ग्रॅच्युइटी, दवाखाना यांतलं काहीच कुणाच्या गळ्यात पडत नव्हतं. अण्णासाहेब पाटलांनी या माणसांना एकत्र केलं आणि १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. टोळीची नोंद माथाडी मंडळात आणि व्यापाऱ्याचीही मंडळातच. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही भरायची. मंडळ पगार करणार आणि लेव्हीतून फंड, बोनस, औषधपाणी बघणार. व्यापारी कितीही असोत, हिशेब एका जागी. आजीचं ऑपरेशन आणि ताईचं लग्न याच पैशांतून निघालं. मंडळांत सगळं आलबेल होतं असं नाही. लांबलेले पगार आणि बोगस माथाडी यांवरून तात्यांनी घातलेल्या शिव्या मी लहानपणापासून ऐकल्यात. पण शिव्या घालायला निदान एक कचेरी होती.

माझं तसं नाही. मी 'पार्टनर'. गेल्या पावसाळ्यात घणसोलीजवळ गिऱ्हाइकाच्या दारात पोचण्याआधीच ऑर्डर रद्द झाली. झोनमध्ये परत फिरलो आणि खड्डा चुकवताना स्कूटर घसरली. मनगट मोडलं. कंपनीचा विमा आहे, तो ॲपमध्ये हिरव्या पट्टीवर दिसतोही. चॅटवर अर्ज केला तर उत्तर आलं की अपघाताच्या वेळी तुमच्याकडे चालू ऑर्डर नव्हती. मी लिहिलं, ऑर्डर तर तुम्हीच रद्द केलीत. पुन्हा तेच उत्तर, शेवटी 'आपला दिवस शुभ जावो'. टीम लीडरने फोन उचलणं बंद केलं. प्लास्टर निघालं तोवर आयडी बंद झालेला, कारण इतके दिवस लॉगिन नाही. दाद मागायला दारच नाही. हातावर पोट असलेल्याचा हात मोडला तर त्याने काय करायचं, हे त्या चॅटमध्ये कुठल्याच बटणावर नव्हतं. दुसऱ्या कंपनीचा आयडी काढला. आमच्यात सगळे तेच करतात.

'गिग कामगाराला नेमका मालक नाही, म्हणून त्याची सोय लावणं अवघड,' असं मोठी माणसं टीव्हीवर सांगतात तेव्हा तात्या हसतात. नेमका मालक त्यांनाही नव्हता.

कायदे होत नाहीत असं नाही. केंद्राच्या सामाजिक सुरक्षा संहितेत आमचं नाव २०२० मध्येच आलं, पण ती लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ ला. कंपनीने वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के सामाजिक सुरक्षा निधीत द्यायचे, पण कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांहून जास्त नाही. राजस्थानने २०२३ मध्ये वेगळा कायदा केला, कर्नाटकने २०२५ मध्ये. कर्नाटकात कामावरून काढायचं तर लेखी कारण आणि १४ दिवसांची नोटीस द्यावी लागते. आयडी बंद झालेल्या माणसाला ही एक ओळ निधीपेक्षा मोठी वाटते. निधी आजारपणात कामाला येईल, नोटीस मात्र दर महिन्याच्या भाड्याशी जोडलेली आहे.

टोळी, मंडळ आणि लेव्ही यांचा पन्नासहून अधिक वर्षांचा अनुभव ज्या राज्याकडे आहे, त्याने आमच्यासाठी बाहेरचा नमुना शोधत बसू नये. उलट आमचा हिशेब ठेवणं सोपं आहे. तात्यांच्या काळी किती गोणी उतरल्या यावर वाद व्हायचे. माझी प्रत्येक फेरी कंपनीकडे मिनिटासकट नोंदलेली असते. प्रत्येक ऑर्डरमागे लेव्ही कापायला फार तर एक ओळ जास्त लागेल.

तोवर माझ्यासारख्यांना एवढंच सांगतो. ई-श्रम पोर्टलवर नोंदणी करून घ्या. संहितेच्या मसुदा नियमांत लाभ मिळण्यासाठी वर्षात एका कंपनीकडे ९० दिवस किंवा अनेक कंपन्यांत मिळून १२० दिवस काम झाल्याची अट आहे. म्हणून दर आठवड्याच्या पेआऊटचा स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर पाठवून ठेवा. माझा आयडी बंद झाला त्या दिवशी ॲपमधला माझा सगळा जुना हिशेबही दिसेनासा झाला.