बिनवर्गणीचा चाहता

येशूचे दाखले म्हटले की हरवलेलं मेंढरू आणि उधळ्या मुलगा सगळ्यांना आठवतात. माझ्या मनात घर करून बसलेला दाखला द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा आहे, आणि तो मला पुरता पटलाय असंही नाही. मळ्याचा धनी पहाटे चौकात जाऊन मजूर आणतो, दिवसाचा एक दिनार ठरवतो. नवाच्या सुमारास पुन्हा जातो, बाराला जातो, तीनला जातो. दिवस बुडायला तास उरलेला असताना गेला, तरी काही माणसं उभीच. रिकामे का उभे आहात, असं विचारल्यावर ती सांगतात की आम्हांला कुणी कामावर घेतलंच नाही. त्यांनाही तो मळ्यात धाडतो. संध्याकाळी मजुरी वाटताना शेवटी आलेल्यांपासून सुरुवात होते, आणि सगळ्यांच्या हातावर एकच दिनार पडतो.

हा चौक मी रोज पाहतो. पुण्यात आमच्या भागात मजूर अड्डा भरतो. सातच्या आधीच माणसं येऊन थांबतात. कुणाच्या पिशवीत थापी आणि ओळंबा, कुणाकडे नुसता जेवणाचा डबा. टेम्पो थांबला की दोन गवंडी, चार बिगारी असा पुकारा होतो आणि आधी तरण्याताठ्या पोरांना वर घेतलं जातं. नवानंतर भाव उतरतो. दहा वाजता उरलेले असतात ते पिकल्या केसांचे, आणि कडेवर पोर असलेल्या बाया. अकरा वाजता तिथे उभा असलेला माणूस आळशी नसतो, तो सकाळपासूनच उभा असतो. त्याला अर्ध्या दिवसाचं काम मिळालं म्हणून किराणावाला त्याला तेल अर्ध्या किमतीत देत नाही. दाखल्यातल्या धन्याला एवढं एक कळलेलं आहे.

दिवसभर उन्हात राबलेले मजूर कुरकुरतात तेही मला कळतं. मी त्यांच्या जागी असतो तर सगळ्यांत मोठा आवाज माझाच निघाला असता. कुठलीही कामगार संघटना त्यांचीच बाजू घेईल. धनी त्यांना सांगतो ते इतकंच: ठरलं तेवढं तुम्हांला मिळालं, माझ्या औदार्याचा तुम्हांला त्रास का व्हावा? हिशेबाने पाहिलं तर हे उत्तर नव्हेच.

तरी एका माणसाने हा दाखला थेट अर्थशास्त्रात नेला. 1860 साली इंग्रज लेखक जॉन रस्किनने ‘कॉर्नहिल मॅगझिन’मध्ये लेखमाला सुरू केली, ‘अनटू धिस लास्ट’ हे तिचं नाव या दाखल्यातूनच घेतलेलं. वाचक इतके खवळले की चार लेखांवर ती आवरती घ्यावी लागली. 1904 मध्ये त्या लेखांचं पुस्तक मित्र हेन्री पोलाकने गांधींच्या हाती दिलं आणि जोहान्सबर्ग ते डर्बन हा चोवीस तासांचा प्रवास त्यांनी ते वाचण्यात काढला. त्यातून फिनिक्सची वसाहत उभी राहिली, पुढे 1908 साली ‘सर्वोदय’ हा त्या पुस्तकाचा गुजराती गोषवारा आला. गालीलच्या एका सुताराने सांगितलेली गोष्ट अशी वळणं घेत आमच्या वर्ध्याला पोहोचली. ख्रिस्ती मंडळीचे सभासद नसलेल्या गांधींच्या हातून.

गांधींना सभासद करून घेण्याचा प्रयत्न झाला नव्हता असं नाही. प्रिटोरियात त्यांच्या भोवती जीव लावणाऱ्या ख्रिस्ती मित्रांचा गराडाच होता. त्यांतल्या एकाने त्यांना समजावलं की आपल्या पापांचं ओझं येशूने आधीच उचललं आहे, तेव्हा तुमची ही तगमग व्यर्थ आहे. गांधींचं म्हणणं पडलं की मला पापाच्या फळातून सुटका नको, पापातूनच हवी. पुढे 1942 मध्ये अमेरिकी पत्रकार लुई फिशर सेवाग्रामला राहून गेला, तेव्हा बापूंच्या कुटीच्या मातीच्या भिंतीवर त्याला एकच चित्र दिसलं: येशूचं.

गांधींचं उदाहरण दिलं म्हणून मी त्यांच्या रांगेत बसत नाही, हे सांगून टाकलेलं बरं. माझं बाहेर असणं फार साधं आहे. जन्माने मिळालेला धर्म माझ्याकडे शाळेच्या दाखल्यावर आहे, तेवढाच. आणि चर्चमध्ये सगळ्यांबरोबर उभं राहून कुमारीच्या पोटी जन्म, तिसऱ्या दिवशी पुनरुत्थान यांवर माझा विश्वास आहे असं म्हणायची वेळ आली, तर मी खोटं बोलेन. ज्याने ‘हो’ला हो आणि ‘नाही’ला नाही म्हणायला शिकवलं, त्याच्याच नावाने खोटं बोलणं काही जमत नाही.

नगरच्या माझ्या मित्राला हे कारण मान्य नाही. तो तिसऱ्या पिढीचा ख्रिस्ती. रविवारी मुलांचा संडे स्कूलचा वर्ग घेतो, नाताळात दारोदार कॅरल गात फिरतो. मी येशूबद्दल भरभरून बोलू लागलो की तो शांतपणे ऐकून घेतो आणि म्हणतो, “तुला येशू हवाय रे, पास्टरेट कमिटी नको.” चर्चचा कारभार पाहणाऱ्या त्याच्या कमिटीत जमिनीवरून, पाळकांच्या बदलीवरून, छपराच्या खर्चावरून वर्षानुवर्षं भांडणं चालतात. ज्याच्याशी भांडण, त्याच्याच शेजारी बसून दर महिन्याला प्रभुभोजन घ्यायचं. शत्रूवर प्रीती करायचा पाठ त्याला असा घरपोच मिळतो. मला माझी माणसं निवडता येतात, आणि न आवडणाऱ्या माणसाकडे पुन्हा जायची सक्ती माझ्यावर कुणी करत नाही. वर्गणी न भरणाऱ्या चाहत्याची ही चैन आहे.

चैनीचं टोक पाहायचं तर थॉमस जेफरसनकडे पाहावं. 1820 च्या सुमारास, पंचाहत्तरी उलटलेल्या या माजी राष्ट्राध्यक्षाने आपल्या मॉन्टिचेलोच्या घरी शुभवर्तमानं पुढ्यात घेतली, ग्रीक, लॅटिन, फ्रेंच आणि इंग्रजी अशी चारही भाषांतली. मग पात्याने उतारे कापून कोऱ्या पानांवर शेजारी शेजारी डकवले. चमत्कार गळले, पुनरुत्थान गळलं. थडग्याच्या तोंडाशी धोंडा लोटला की पुस्तक संपतं. डोंगरावरचं प्रवचन त्याने राखलं, द्राक्षमळ्याचे मजूरही राखले. त्या घराभोवतीच्या शेतांत मात्र त्याचे गुलाम राबत होते. आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसं त्याच्या मालकीची होती. इतकं बारीक कातरकाम केलेल्या माणसाने ‘संध्याकाळी प्रत्येकाला एक दिनार’ हे वाक्य किती सावकाश डकवलं असेल! चमत्कार कापायला पातं लागतं, आज्ञांना तर तेही लागत नाही. आवडल्या असं म्हणून पान उलटलं की झालं.

आपल्याकडे याच्या नेमकी उलटी वाट नारायण वामन टिळकांनी धरली. 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पुढची बरीच वर्षं नगरला अमेरिकन मिशनच्या चाकरीत काढली, ख्रिस्ताला अभंगांत आणि कीर्तनात आणलं. आणि 1917 साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला, बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या अशा दोन्ही ख्रिस्तशिष्यांसाठी. श्रद्धा आटली म्हणून ते बाहेर पडले नव्हते. उंबऱ्यापाशी अडलेल्या माणसांसाठी त्यांनी उंबराच काढून टाकला. हे वाचलं तेव्हा वाटलं, आपली सोय झाली. पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचलेल्या कुणालाही टिळक ठाऊक आहेत. हातात आलेला पैसा दुसऱ्याला देऊन मोकळे होणारे, आणि घर चालवायची काळजी लक्ष्मीबाईंवर सोडणारे. अशा माणसाच्या दरबारात बाप्तिस्म्याची अट नव्हती हे खरं. पण तिथे शिष्य हवे होते. नुसत्या चाहत्याला त्यांनी किती वेळ बसू दिलं असतं, कोण जाणे. दोन वर्षांतच, 1919 च्या मे महिन्यात टिळक गेले.

आणखी एक देणं माझ्या नावावर आहे. व्यभिचारात सापडलेल्या बाईची गोष्ट मला फार प्रिय. लोक दगड घेऊन उभे आहेत, आणि येशू वाकून बोटाने मातीत काहीतरी लिहितो आहे. काय लिहिलं ते कुणीच सांगत नाही. मग निष्पापाने पहिला दगड टाकावा, एवढं म्हणून तो पुन्हा लिहू लागतो, आणि लोक एकेक करून निघून जातात, वडीलधारे आधी. हे ‘वडीलधारे आधी’ लिहिणारा माणसं ओळखून होता. योहानाच्या शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत मात्र हा प्रसंग नाहीच. तो नंतर आत आला, काही प्रतींत तर लूकच्या शुभवर्तमानात जाऊन बसला. ही गोष्ट हरवू द्यायची नाही असं कुणा लेखनिकांना वाटलं, आणि ते मंडळीतलेच होते. माझ्यासारख्या बाहेरच्यांवर सोपवलं असतं तर आम्ही तिची नुसती तारीफ करत राहिलो असतो.

परवा आमच्या सोसायटीच्या मीटिंगला घरकामाच्या मावशींच्या खाड्यांचा विषय निघाला. सगळ्यांनी एकाच दराने खाडे कापावेत, कुणी एकाने सोडून देऊन रेट बिघडवू नये, अशी सूचना होती. मी म्हटलं, तापाने पडलेल्या बाईचं घरभाडं काही त्या दिवसापुरतं कमी होत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, “मग जी बिचारी एकही खाडा न करता रोज येते, तिच्यावर अन्याय नाही का हा?” दाखल्यातल्या दिवसभर राबलेल्या मजुरांचाच हा प्रश्न, आणि त्यावर मला मीटिंगमध्ये सांगता येईल असं काही सुचलं नाही. तासभर घासाघीस झाल्यावर महिन्याला दोन खाडे माफ, तिसऱ्यापासून कापायचे, असं ठरलं. नगरला फोन करून हे सांगितलं, तर मित्र म्हणाला, “दोन? आमच्या कमिटीत चर्चची झाडलोट करणाऱ्या बाईचा एक मान्य व्हायला सहा महिने लागले.”