पारोसाठी बंद झालेले दार

शरच्चंद्र चट्टोपाध्यायांच्या 'देवदास' कादंबरीवरचा बिमल रॉय यांचा १९५५ चा चित्रपट आम्हाला फार प्रिय. तरुणपणी दिलीपकुमारच्या देवदाससाठी रडलो होतो. परवा घरी सगळ्यांनी मिळून तो पुन्हा पाहिला, तेव्हा सुचित्रा सेनची पारो मनाला चटका लावून गेली. लोकलाज सोडून ती रात्री देवदासकडे येते. तिचे घराणे हलके म्हणून जमीनदार बाप नकार देतो आणि देवदास कच खातो. दारू नंतरची, भित्रेपणा आधीचा! शेवटी पारो धावत येते, तर वाड्याचे दार बंद होते.

आमच्या लेकीने महिन्यापूर्वी दुसऱ्या समाजातल्या मुलाचे नाव सांगितले होते. उत्तर आम्ही टाळत होतो; सभेत मात्र आंतरजातीय विवाहावर भाषण! चित्रपट संपला तसे म्हणालो, "बाळ, रविवारी त्याला घरी जेवायला बोलाव."