ताऱ्याचा एक्स-रे

एक्स-रे म्हटलं की आपल्याला दवाखाना, प्लॅस्टर आणि ती काळी फिल्म आठवते. पण मित्रहो, मेलेल्या ताऱ्याचाही एक्स-रे असतो! फरक एवढाच, की इथे किरण आपण सोडत नाही, ताराच पाठवतो.

इ. स. १०५४ मध्ये वृषभ राशीत एक तारा फुटलेला दिसला. चिनी ज्योतिष्यांच्या नोंदीप्रमाणे तो २३ दिवस भरदिवसा दिसत होता. आज तिथे क्रॅब तेजोमेघ आहे, सुमारे साडेसहा हजार प्रकाशवर्षं दूर. त्याच्या पोटात उरलाय एक न्यूट्रॉन तारा. वस्तुमान सूर्याहून जास्त आणि त्रिज्या जेमतेम अमरावती ते बडनेरा एवढी! सेकंदाला तीस गिरक्या, आणि प्रत्येक गिरकीत दीपगृहासारखा झोत आपल्यावरून जातो.

क्ष-किरण वातावरणात अडतात, म्हणून २८ सप्टेंबर २०१५ ला आपला 'ॲस्ट्रोसॅट' वर गेला. त्यावरचं सीझेडटीआय हे उपकरण मुंबईच्या टीआयएफआरच्या पुढाकाराने बनलं. पुण्याच्या आयुकाचाही त्यात वाटा. कॅडमियम-झिंक-टेल्युराइडचे १६,३८४ पिक्सेल! फोटॉन एका पिक्सेलवर आपटून शेजारच्यात उडाला, की उडीची दिशा टिपायची. अशा असंख्य उड्यांवरून किरणांचं ध्रुवीकरण कळतं. दीड वर्षात २१ वेळा क्रॅबकडे पाहिल्यावर २०१७ मध्ये निष्कर्ष छापून आला. झोत आपल्याकडे नसतो, नेमकं त्याच वेळी ध्रुवीकरण झपाट्याने बदलतं. प्रचलित सिद्धांतांना हे अपेक्षित नव्हतं.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा. डिटेक्टर, ॲम्प्लिफायर, नॉइज हा तर आपलाच सिलॅबस! फायनलला आल्यापासून वाटतंय, अशा उपकरणांवरच काम करावं. अकोल्याचा रूम पार्टनर म्हणाला, "अबे, कॅम्पसला हे कोण विचारते?" खरंय, कोणी विचारत नाही. घरी फोन केला तर बाबा म्हणाले, "चांगलं हाये पोरा, पन पोट भरते काय त्याच्यानं?"

बाबांचा प्रश्न खोटा नाही. दोन एकर कपाशी आणि माझ्या फीचं कर्ज, दोन्ही त्यांच्याच डोक्यावर. म्हणून कॅम्पसला बसणार आहे. पण गेटचा फॉर्मही भरलाय. तसं सांगितल्यावर बाबा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दे परीक्षा. हप्त्याचं पाहू."

ज्युनिअर्सनो, थंडीत गच्चीवर गेलात तर रोहिणी शोधा. क्रॅब तिच्याच राशीत आहे. नुसत्या डोळ्यांनी दिसणार नाही, पण दिशा तर कळेल!