तोंड आणि शेपूट

आईचा फोन गुरुवारी आला. "उजव्या कुशीत आग हुतीया ग. निखारा ठेवल्यागत." आई सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावी एकटी राहते, मी बंगळुरात. मधलं अंतर रात्रभराच्या बसचं, पण आमची आजारपणं फोनवरच चालतात. तिनं सांगायचं आणि मी डॉक्टर असल्यासारखं बोलायचं. मी म्हणाले, मुतखडा असणार. पाणी जास्त पी, हुलग्याचं कढण घे. आई चार दिवस इमानेइतबारे हुलग्याचं कढण पीत राहिली.

सोमवारी तालुक्याला जाऊन तिनं सोनोग्राफी केली. खडा नव्हता. मला हायसं वाटलं. "मग आग कशाची हुतीया?" आईनं विचारलं. वात असेल, मी म्हणाले.

मंगळवारी सकाळी कमरेवर पुरळ उठलं. शेजारच्या काकू पिठाच्या हातानं तशाच आल्या, पदर बाजूला करून बघितलं आणि म्हणाल्या, "नागीण हाय ही." सोनोग्राफीच्या मशीनला आणि मला जे दिसलं नव्हतं ते त्यांनी एका नजरेत ओळखलं. हे मी आधी नोंदवून ठेवते, कारण पुढे त्यांच्यावर रागावायचं माझ्या मनात होतं.

काकूंनी त्याच संध्याकाळी नागीण उतरवणाऱ्या अण्णांना बोलावलं. ते तीन दिवस तिन्हीसांजेला येत, काहीतरी पुटपुटत, दूर्वा आणि तांदूळ वाटून त्याचा गार लेप देत. पैसे घेत नसत. मला हे सगळं शुक्रवारी कळलं. "आधी का नाही सांगितलंस?" यावर आईचं उत्तर सरळ होतं : "तू वरडली असतीस."

शनिवारी सकाळी गावी पोचले. उजव्या बाजूला पाठीच्या कण्यापासून कुशीवरून थेट बेंबीपर्यंत पाण्यानं भरलेल्या फोडांचा पट्टा. नेमका तिथे, जिथे परकराची नाडी बसते. आईनं नाडी सोडून दिली होती आणि वडिलांचं जुनं मऊ धोतर अंगाभोवती सैल गुंडाळलं होतं. पंखा बंद. वारा लागला तरी कळ उठायची. पण तिची काळजी वेगळीच होती. तिनं मला पाठीमागून बघायला लावलं. "बघ ग, तोंड आन् शेपूट कुठवर आलंय?"

नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी लहानपणी हे ऐकून माझ्याच कमरेला हात लावून बघितल्याचं आठवतं. ही भीती एकट्या महाराष्ट्राची नाही. बंगळुरात माझ्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंना आईचं सांगितलं तेव्हा त्या पटकन म्हणाल्या, "सर्पसुत्तु!" म्हणजे सापाचा वेढा. ऑफिसातली तमिळ मैत्रीण याला अक्की म्हणते. तिच्याकडे कुंभार रोग्याच्या अंगावर कावेनं आकृत्या काढतो, कुठे कुठे सिंह काढतो. लॅटिन अमेरिकेतल्या स्पॅनिशमध्ये याचं नाव कुलेब्रिया, म्हणजे छोटा साप, आणि तिथेही तोंड-शेपूट जुळण्याचं भय आहेच. अरबीत हा अग्नीचा पट्टा. वैद्यकातलं झोस्टर हे ग्रीक नावही कमरपट्ट्याचंच. इतक्या लोकांनी एकमेकांना न विचारता हेच बघितलं.

मिरजेला डॉक्टरांनी पुरळ बघायच्या आधीच विचारलं, "फोड कधी उठले?" मंगळवारी. ते बोटं मोजत होते. "बहात्तर तासांच्या आत आला असता तर बरं झालं असतं." विषाणूला आवरणारी गोळी त्या अवधीत सुरू झाली तर तिचा उपयोग सगळ्यात जास्त. आईला अजून नवे फोड येत होते, म्हणून त्यांनी ती तरीही सुरू केली : व्हॅलासायक्लोव्हीर, दिवसातून तीन वेळा, सात दिवस. आम्ही सगळे सापाची लांबी मोजत बसलो होतो. मोजायला हवे होते तास.

त्यांनीच आईला विचारलं, "लहानपणी कांजिण्या आल्या होत्या?" आई हसली. ती सात-आठ वर्षांची असताना घरातल्या पाचही भावंडांना एकदम आल्या होत्या. कडुलिंबाच्या पाल्यावर निजवलं होतं, तिला त्या पाल्याचा वास आठवत होता. तो विषाणू तेव्हा गेलाच नव्हता. मणक्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठीत तो साठ वर्षांहून जास्त काळ निजून होता. वय वाढलं, प्रतिकारशक्ती मंदावली, आणि तो एका मज्जातंतूच्या वाटेनं कातडीवर आला. वाटेतला तंतू जळतो, म्हणून आग आधी आणि पुरळ मागून. माझा मुतखडा तिथेच चुकला.

कांजिण्या आणि नागीण हे एकाच विषाणूचे दोन जन्म आहेत आणि नागीण बाहेरून येत नाही, आतूनच उठते, हे सविस्तर मांडलं एडगर होप-सिम्पसन यांनी, १९६५ साली. ते इंग्लंडमधल्या सायरन्सेस्टर या गावातले साधे जनरल प्रॅक्टिशनर. आपल्याच दवाखान्यातल्या सोळा वर्षांच्या रुग्णांच्या नोंदींतून त्यांनी हे काढलं. गावच्या डॉक्टराला तीच माणसं पुन्हा पुन्हा भेटतात, तिचा हा फायदा.

एका मज्जातंतूचा इलाखा शरीराच्या एकाच अर्ध्या भागात असतो. म्हणून पट्टा सहसा मधली रेघ ओलांडत नाही, तोंड-शेपूट जुळत नाही. अण्णांचं यश यातच आहे; त्यांनी उतरवलेली प्रत्येक नागीण जुळायच्या आत थांबते. मात्र ज्यांची प्रतिकारशक्ती पार खचलेली असते त्यांच्या अंगभर हे फोड पसरू शकतात, आणि अशी माणसं दगावूही शकतात. कुणीतरी कधीतरी असं माणूस बघितलं असेल आणि त्यावरून ती म्हण पडली असेल, असं मला वाटतं.

संध्याकाळी अण्णा आले. मी भांडायच्या तयारीत होते. त्यांनी गोळ्यांचं पाकीट बघितलं आणि म्हणाले, "चालू ठेवा की. मी कुठं नगं म्हणतोय?" मग मी त्यांना तीन दिवसांचं सांगितलं. ते जरा गप्प राहिले. "माझ्याकडं येत्यात तवाच दोन दिस झालेले असत्यात, बाई. तालुक्याला जायचं तर एक मजुरी बुडती." यावर माझ्याकडे काही उत्तर नव्हतं. आईचे तर पाच दिवस माझ्या फोनवरच गेले होते. नाकाच्या शेंड्यावर फोड उठले तर डोळ्याला धोका असतो, त्याला थांबवू नका, लगेच पाठवा, एवढं मी सांगितलं. तान्ही मुलं आणि गरोदर बाया लांब ठेवा, हेही. फोडांतल्या पाण्यानं दुसऱ्याला नागीण होत नाही, पण कांजिण्या न झालेल्याला कांजिण्या होऊ शकतात. हे त्यांनी लक्ष देऊन ऐकलं.

तीन आठवड्यांत खपल्या पडल्या. काकूंनी आईची दृष्ट काढली. गावाच्या लेखी आजार संपला.

आग संपली नाही. तीन महिने उलटले तेव्हा डॉक्टरांनी तिला नाव दिलं, नागिणीनंतरची मज्जावेदना. उतारवयात ती जडण्याचा संभव जास्त. गॅबापेन्टिननं आई दिवसभर पेंगायची, उठताना तोल जायचा. मग रात्रीची एक छोटी गोळी आली, मूळची नैराश्यावरची. एक मलम मिरचीतल्या तिखटाचं होतं. "आगीवर मिरची?" आई पोटभर हसली, लावून बघितलं आणि दोन दिवसांनी ट्यूब माझ्याच बॅगेत घातली. या दुखण्याला दाखवायला काही नसतं, हा त्यातला सगळ्यात वाईट भाग. फोड होते तोवर माणसं बघायला यायची. आता कातडी स्वच्छ आहे, आणि लग्नाकार्यात ती खुर्चीच्या कडेवर का बसते हे कुणाला कळत नाही. भावजयीला वाटतं तिला नेसायचा कंटाळा आलाय.

माझी पन्नाशी उलटलीय. मलाही कांजिण्या येऊन गेल्यात, आईनंच काढलं होतं तेव्हा. २०२३ पासून आपल्याकडे पन्नाशीपुढच्यांसाठी नागिणीची नवी लस मिळते, दोन ते सहा महिन्यांच्या अंतरानं दोन डोस. महाग आहे, आमच्या गावात ती कुणी घेईल असं मला वाटत नाही. मी घेतली. नागीण होऊन गेलेल्यांनाही देतात म्हणून आईला विचारलं. तिनं किंमत विचारली, मी खोटी सांगितली, तिनं तीही जास्त ठरवली. अजून आमची बोलणी चालू आहेत.

दिवाळीत गावी होते. रात्री ती डाव्या कुशीवर निजली होती, मी पाठीमागे. पंखा एकवर. झोपेतच तिनं मागे हात नेला आणि धोतराची घडी कमरेवरून अलगद वर उचलून धरली, कातडीला लागू नये एवढी. तशीच निजली.