घास उतरत नाही तेव्हा

दिवाळी झाली की अंबाडी परिसरातल्या वीटभट्ट्यांवर जव्हार-मोखाड्याकडची कुटुंबं उतरतात. त्यांची काही मुलं गावची शाळा सोडताना मिळालेलं शिक्षण हमी कार्ड घेऊन वर्षाच्या मध्येच माझ्या वर्गात येतात. घरी वारली किंवा कातकरी बोली. शेजारी गोदामातल्या हमालाचा मुलगा, त्याच्या घरी भोजपुरी. मी या सगळ्यांना मराठी शिकवतो. नातीगोती, बाजार, सण हे पटापट होतं. गाडी अडते ती ‘आपल्या भावना सांगा’ इथे.

हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचा तक्ता दाखवून ‘आज कसं वाटतंय?’ विचारा, सगळा वर्ग एका सुरात ‘छान!’ म्हणतो. तापाने फणफणलेलं पोरही छानच असतं. माझ्या मते प्रश्नच कुचकामी आहे. एरवी आपण तरी एकमेकांना असं कुठे विचारतो? ‘जेवलास का?’ विचारतो.

एक मुलगी सांगत होती, भट्टीवर यायच्या आधी घरची शेळी विकली.

‘मग तुला कसं वाटलं?’

‘काय नाय.’

‘बरं, तू काय केलंस?’

‘जेवली नाय.’

मी फळ्यावर लिहिलं : घास घशाखाली उतरला नाही. तिने ते बोट ठेवून वाचलं आणि म्हणाली, ‘आईला पण नाय उतरला.’

हल्ली मी आधी काय केलं ते विचारतो, मग अंगाला काय झालं ते. मराठीत अशा वाक्प्रचारांची ददात नाही. पोटात गोळा येतो, छातीत धडधडतं, तळपायाची आग मस्तकात जाते. मुलं हे करूनच दाखवतात, आणि मस्तकापर्यंत आग नेताना वर्गात जो धिंगाणा होतो तो शेजारच्या बाईंना सोसावा लागतो. राग, भीती, आनंद ही नावं त्यानंतर. तिथे व्याकरणाची मेख आहेच : राग येतो, भीती वाटते, आनंद होतो. हिंदीच्या सवयीने कुणी ‘मला भीती लागते’ म्हणतं. पण ते मूल रात्री साप निघाल्याचं सांगत असेल, तर मी मध्ये टोकत नाही. ‘वाटते’ उद्याही शिकवता येतं.

कधी गोष्ट मुकादमाकडून घेतलेल्या उचलीपर्यंत किंवा बापाच्या दारूपर्यंत जाते. मग वर्गासमोर पुढचा प्रश्न विचारायचा नाही. मधल्या सुट्टीत जवळ बसायचं.

नव्या शिक्षकांना एक विनंती : या तासाला गुण देऊ नका. ‘भावना व्यक्त करतो/करते’ असा रकाना भरावाच लागला, तर ‘गोष्ट सांगितली’ एवढंच लिहा.